सहा महिने लेकीकडं राहून आलो, आता लगेच परत जाता येईल का? (टुरिस्ट व्हिसा, मुदतवाढ, पुन्हा प्रवेश)

पेठेतली_मास्तरीण

नमस्कार मंडळी. मी मंगळवार पेठेत राहते, शाळेतून निवृत्त. लेक-जावई न्यू जर्सीत, दोघंही एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसावर. आम्ही दोघं डिसेंबरच्या सुरुवातीला तिकडं गेलो आणि मे अखेरीस, मुदत संपायच्या थोडं आधी परत आलो. लेकीला दुसऱ्यांदा दिवस गेलेत, जानेवारीची तारीख आहे. तिचं म्हणणं, सप्टेंबरातच या, थोरल्याला तुमची सवय झालीय.

आता गोंधळ असा. आमच्या इमारतीतले एक गृहस्थ छातीठोक सांगतात की वर्षात सहा महिन्यांच्या वर राहता येत नाही, विमानतळावरनंच माघारी पाठवतात. एका एजंटानं सांगितलं, "काकू, व्हिसा दहा वर्षांचा हाय, बिनधास्त जावा." आणि जावई म्हणतात, परत यायलाच नको होतं, तिथंच मुदत वाढवून घेता आली असती. तिघांची तीन तोंडं. अनुभव असलेल्यांनी लिहा, ऐकीव नको.

रांगडा_रस्सा

ऐकीव नको म्हटल्यावर निम्मे लोक इथूनच परत जाणार काकू 😄

अनु_एडिसन

काकू, माझे सासू-सासरे गारगोटीचे, गेली काही वर्षं येऊन-जाऊन असतात. त्यामुळं जरा सविस्तर लिहिते.

आधी व्हिसा आणि मुक्काम वेगळे काढा. पासपोर्टवर चिकटवलेला दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे फक्त विमानतळावरच्या अधिकाऱ्यापुढं उभं राहायची परवानगी. किती दिवस राहायचं ते तो अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत जाते. पूर्वी पासपोर्टात कागद टाचायचे. विमानानं येणाऱ्यांसाठी २०१३ पासून सगळं ऑनलाइन आहे. बी-२ म्हणजे टुरिस्ट व्हिसावर बहुधा सहा महिने देतात, पण देतीलच असं नाही. घरी पोचल्यावर पहिलं काम, सीबीपीच्या (सीमा तपासणी खात्याच्या) साइटवरून आय-९४ काढून तारीख आणि नावाचं स्पेलिंग बघणं. पासपोर्टची मुदत जवळ आली असेल तर आय-९४ ची तारीखही तिथंच तोडतात, हे खूप जणांना माहीत नसतं. सासऱ्यांना त्यामुळं चारच महिने मिळाले होते.

आता तुमचा प्रश्न. "वर्षात सहा महिने" असा नियम कायद्यात कुठंही नाही. तसंच "मधे इतके दिवस भारतात राहायलाच पाहिजे" असंही नाही. पण अधिकाऱ्याच्या डोक्यात एकच शंका असते, ही माणसं पाहुणी म्हणून येतात की इथंच राहायला लागलीत? सहा महिने इथं, तीन महिने तिथं, परत सहा महिने इथं, असं दिसलं की तो विचारणारच. म्हणून लोक ठोकताळा सांगतात की जितके दिवस राहिलात निदान तितके दिवस बाहेर काढा. तो ठोकताळा आहे, नियम नव्हे.

सनदी_डोके

अनुताईंनी नेमकं सांगितलं. त्यात एवढंच घालतो की अमेरिकेच्या कायद्यातलं २१४-ब हे कलम उलट्या बाजूनं चालतं. अर्जदार स्थायिक व्हायलाच निघालाय असं गृहीत धरायचं आणि तसं नाही हे त्यानं पटवून द्यायचं. वकिलातीत मुलाखतीला हेच कलम आडवं येतं. विमानतळावरचा अधिकारीसुद्धा त्याच नजरेनं बघतो. त्यामुळं "माझ्याकडं व्हॅलिड व्हिसा आहे" हे वाक्य तिथं फार चालत नाही.

इमारतीतल्या गृहस्थांना नियम माहीत नाही, पण भीती अगदीच अनाठायी नाही. एजंटाचं बोलणं मात्र सोडून द्या. परत पाठवलं तर तो बिनधास्त आपल्या दुकानात असणार, काउंटरवर उभ्या तुम्ही.

शाहूपुरी_चौथीगल्ली

आमच्या शेजारच्या मावशी तीन महिन्यांत परत गेल्या, कुणी काही विचारलं नाही. उगाच घाबरवू नका बिचाऱ्यांना.

सनदी_डोके

@शाहूपुरी, कुणी विचारलं नाही हे त्यांचं नशीब. विचारलं असतं तर काय उत्तर होतं ते सांगा. तयारी त्याची करायची.

अनु_एडिसन

मागच्या खेपेला नेवार्कला सासूबाईंबरोबर मी नव्हते, त्यांनी सांगितलेलं लिहिते. बोटांचे ठसेच उमटेनात. जन्मभर भांडी घासून, भाकऱ्या थापून बोटं गुळगुळीत झालेली. अधिकाऱ्यानं कपाळाला बोटं घासायची खूण केली, तशी केल्यावर काचेवर ठसा आला. मग विचारलं, गेल्या वेळी किती राहिलात, यंदा किती राहणार, मुलगा काय करतो, परतीचं तिकीट आहे का, आणि शेवटी, "घरी मागं कोण आहे?" सासूबाई म्हणाल्या, दोन म्हशी आणि दीर. दुभाष्यानं ते जसंच्या तसं सांगितलं म्हणे, आणि शिक्का बसला.

रांगडा_रस्सा

म्हशीचा असा उपयोग कुठल्याच वकिलानं सांगितला नसता. काकू, पेठेत म्हैस बांधायला जागा आहे का?

पेठेतली_मास्तरीण

गॅलरीत तुळस आहे, चालेल का? 😊

पण गंमत बाजूला. म्हणजे जावई म्हणतात ती मुदतवाढ बरी होती का? पुढच्या वेळी तरी करावी का?

सनदी_डोके

अर्ज आय-५३९. यूएससीआयएस ह्या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडं करायचा. आय-९४ ची तारीख उलटायच्या आत पोचला पाहिजे, ४५ दिवस आधी करा असं तेच सांगतात. एप्रिल २०२४ पासून फी ऑनलाइन ४२० डॉलर, कागदावर केला तर ४७०. दोघं असाल तर दुसऱ्याचा आय-५३९ए जोडायचा. जास्तीत जास्त सहा महिने वाढ मागता येते. कारण लिहावं लागतं, आणि खर्चाची सोय, परतीचा इरादा हे दाखवावं लागतं.

निकाल यायला कित्येकदा इतके महिने लागतात की मागितलेली मुदतच संपून जाते. अर्ज वेळेत केला असेल तर तो प्रलंबित असेपर्यंतचा मुक्काम बेकायदा धरत नाहीत. पण नाकारला तर त्या दिवसापासून घड्याळ सुरू. बेकायदा मुक्काम १८० दिवसांच्या वर गेला आणि मग देश सोडला तर तीन वर्षं बंदी, वर्ष किंवा जास्त झालं तर दहा वर्षं. शिवाय मुदत उलटून एक दिवस जरी राहिलात तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द धरला जातो, पुढं नव्यानं अर्ज.

अनु_एडिसन

आणि अर्ज प्रलंबित असताना परत आलात तर पोचपावती जपून ठेवा. पुढच्या वेळी "तुम्ही आय-९४ संपल्यावरही होतात" असं निघालं तर तोच कागद कामाला येतो. माझं मत, खरंच काही अडचण असेल, ऑपरेशन, अपघात, बाळंतपणात गुंतागुंत, तरच मुदतवाढ. नुसतं "अजून थोडं राहू" म्हणून नको. सलग वर्षभर राहून पुढच्या वर्षी परत दारात उभं राहिलं की प्रश्न वाढतात.

खासबागचा_पैलवान

आमच्या मित्राच्या वडिलास्नी कुणीतरी शाळा शिकवली की कॅनडाला दोन दिवस जाऊन या, सहा महिने नवीन मिळत्यात. खरं हाय का ते?

सनदी_डोके

नाही भावा. कॅनडा-मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन आलं तर सहसा जुनीच आय-९४ पुढं चालू राहते, तारीख काही वाढत नाही. वर आपल्याला कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. नायगारा पलीकडनं बघायचा असेल तर जरूर जा.

टोरांटोची_सून

कॅनडाचा विषय निघालाच आहे तर. इथं आई-वडील, आजी-आजोबांसाठी सुपर व्हिसा आहे. मुलगा किंवा मुलगी कॅनडाची नागरिक किंवा पीआर (कायम रहिवासी) असेल तर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. आधी दोन वर्षं होती, जुलै २०२२ ला पाच केली. अट अशी की पोराचं उत्पन्न ठरलेल्या पातळीच्या वर हवं आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान वर्षभराचा वैद्यकीय विमा हवा. विम्याचा आकडा बघून आमच्या बाबांनी विचारलं होतं, "एवढ्यात शिरोळला गुंठा येतोय की गं?"

निवांत_निवृत्त

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नये. ह्या सगळ्या धाग्यात मास्तरीणबाईंना जायचं आहे का, हे कुणी विचारलं? डिसेंबरपासून बर्फात काढून आलात. आता सप्टेंबरपासून परत. आमच्या ओळखीत एक जोडपं गेली आठ-दहा वर्षं दोन मुलांच्या दोन देशांत फिरतंय, कोल्हापूरच्या घराला कुलूप. त्यांना व्हिसाचे नियम तोंडपाठ आहेत, गल्लीतली नवीन माणसं ओळखीची नाहीत. पाळणाघर महाग म्हणून आई-बाबांना बोलावायचं, हे आपण उघड बोलत नाही.

अनु_एडिसन

काका, बाळंतपणाला आईला बोलावणं म्हणजे पाळणाघर नव्हे. इथं बाळंतीण दोन दिवसांत घरी येते आणि नवऱ्याची रजा संपली की चार भिंतींत एकटी. तुमच्या वेळी वाड्यात चार बायका होत्या.

निवांत_निवृत्त

मान्य. पण मग सप्टेंबर कशाला? तारीख जानेवारीची आहे.

शाहूपुरी_चौथीगल्ली

काकांचा मुद्दा बिनतोड आहे. बाय द वे, विमानतळावर "नातवाला सांभाळायला आलेय" म्हणायचं नसतं म्हणतात. फिरायला आलो म्हणायचं.

सनदी_डोके

खोटं अजिबात बोलू नका. लेकीकडं आलोय, तिचं बाळंतपण आहे, नातवंडांसोबत राहून अमुक तारखेला परत, हे सरळ सांगावं. आजीनं नातवाला खेळवणं हे काही नोकरीत बसत नाही. पण शेजारची चार पोरं पैसे घेऊन सांभाळणं किंवा डबे करून विकणं हे काम झालं, आणि बी-२ वर काम चालत नाही. आपले लोक ते हौसेनं करतात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरातही टाकतात. अधिकाऱ्याला फोन उघडून बघायचा अधिकार असतो एवढं ध्यानात ठेवा.

माईनकाठचा_मावळा

जर्मनीत आई-बाबांना बोलावणाऱ्यांसाठी: इथं अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न कमी, गणिताचा जास्त. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. तो १८० दिवसांचा पट्टा रोज पुढं सरकतो, जानेवारी ते जून असा ठरलेला नसतो. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस मोजतात. युरोपियन कमिशनच्या साइटवर मोजायचं साधन आहे, त्यात तारखा घालून बघाच. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी सोय झाली आहे की आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा मल्टिपल एन्ट्री मिळू शकतो, पुढं पाच वर्षांचाही. पण पाच वर्षांचा मिळाला तरी ९० चे ९०. वाढवून मिळत नाही, आजारपण किंवा तसंच काही गंभीर असेल तरच. ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटोची इलेक्ट्रॉनिक नोंद हळूहळू सुरू झाली, त्यामुळं "शिक्का पुसट होता" वगैरे आता चालायचं नाही.

खासबागचा_पैलवान

ठशाला परत कपाळ घासायचं का मग 😂

उद्यमनगर_फौंड्री

धाग्याचं उलटं टोक विचारतो. आपल्याकडं येणाऱ्या गोऱ्या पाहुण्याचं काय? भाच्याचा जर्मन मित्र ई-टुरिस्ट व्हिसावर येणार आहे, तीन महिने राहणार. घरीच उतरणार. त्याला आमच्या फौंड्रीत रोज येऊन काम शिकायचंय, फुकट. चालेल का? आणि पोलीस ठाण्यात जावं लागतं का?

सनदी_डोके

दोन वेगळे प्रश्न आहेत दादा.

परदेशी पाहुणा घरी उतरला तरी घरमालकानं चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते. लोक त्याला अजून सी फॉर्मच म्हणतात. फक्त हॉटेलांनी भरायचा असतो हा गैरसमज. आपल्याकडं परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं काम जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाकडं असतं, म्हणजे बावड्याच्या रस्त्याला जा, ठाण्यात नको. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा परकीय नागरिक कायदा जाऊन नवा कायदा लागू झालाय, त्यामुळं ह्या बाबतीत "आमच्याकडं असं कधी केलं नाही" म्हणून भागत नाही.

दुसरं, फौंड्रीत रोज काम, पगार नसला तरी टुरिस्ट व्हिसात बसत नाही. बघायला येऊ दे, चहा पाजा, फोटो काढू दे. शिकायचंच असेल तर टुरिस्ट व्हिसावर भाषा, संगीत, नृत्य, हस्तकला, स्वयंपाक अशा गोष्टींचे सहा महिन्यांच्या आतले, पदवी-प्रमाणपत्र न देणारे अभ्यासक्रम चालतात. आणि कुठल्याही कॅलेंडर वर्षात १८० दिवसांच्या वर मुक्काम नाही. ई-टुरिस्ट वाढवूनही मिळत नाही.

रांगडा_रस्सा

म्हणजे ओतकाम नाही, चप्पल चालेल! जीआय मानांकनवाली कापशी चप्पल शिवायला शिकवा त्याला. नाहीतर खासबागेत पाठवा, पैलवान बघून घेतील.

खासबागचा_पैलवान

लाल मातीत उतरला तर सी फॉर्मवर "पत्ता" काय लिहायचा ते ठरवा आधी.

उद्यमनगर_फौंड्री

आभार. एक शंका, मधे दोन महिने बाहेर राहावं लागतं असं ऐकलं होतं. तो नेपाळला जाऊन यायचं म्हणतोय.

सनदी_डोके

ती अट २६/११ च्या कटातल्या डेव्हिड हेडली प्रकरणानंतर २००९ च्या अखेरीस आली होती आणि २०१२ च्या अखेरीस बहुतेक देशांसाठी काढली. पाकिस्तान, चीन, बांगलादेश वगैरे मोजक्या देशांसाठी ठेवली. जर्मनाला अडचण नाही. मात्र ई-व्हिसावर आत येताना ठरवून दिलेल्याच ठिकाणांवरून यावं लागतं. नेपाळातून बसनं येण्याआधी ती यादी बघा. काठमांडूहून दिल्ली-मुंबईला विमानानं आला तर प्रश्नच मिटला.

लंडनस्थ_काळे_मसाले

यूकेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा दोन, पाच, दहा वर्षांचा मिळतो, पण एका खेपेला सहा महिनेच आणि ते वाढत नाहीत. तिथंही "वर्षात १८० दिवस" अशी अट लेखी नाही. वारंवार येऊन यूकेलाच घर करू नये, असं मात्र नियमात स्पष्ट लिहिलंय. थोडक्यात, तीच कथा.

ऑस्ट्रेलियावाल्यांनी व्हिसाच्या पत्रावर ८५०३ किंवा ८५५८ हे अटींचे क्रमांक आहेत का ते बघावं. पहिल्यात तिथं बसून पुढचा व्हिसा मागता येत नाही, दुसऱ्यात अठरा महिन्यांत बारापेक्षा जास्त महिने राहता येत नाही. बहिणीनं हे न बघता आईचं तिकीट पुढं ढकललं होतं, ऐनवेळी धावपळ झाली.

पेठेतली_मास्तरीण

सगळं दोनदा वाचलं, ह्यांनाही वाचून दाखवलं. निवृत्तकाकांच्या पोस्टवर ह्यांनी मान डोलावली, बोलले काही नाहीत. पण नंतर स्वतःहून म्हणाले, यंदा नवरात्रात अंबाबाईला जायचं चुकवणार नाही. आणि नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो नाही दिला तर पेन्शन अडकते, मग लेकीच्या घरी बसून कुणाकुणाला फोन करायचे?

तेव्हा लेकीशी बोलले. ती आधी हिरमुसली, मग म्हणाली डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात या, तोवर थोरल्याला पाळणाघराची सवय लावते. म्हणजे मधे सहा महिने इथं होतात. जाताना एप्रिल अखेरचं परतीचं तिकीट काढूनच निघू, पुरे सहा महिने नकोतच.

अनु_एडिसन

हे उत्तम काकू! आता पासपोर्टची तारीख बघा आधी. आणि प्रवासी विमा घेताना जुन्या आजारांचं कलम नीट वाचा. बीपी-शुगर असेल तर बऱ्याच स्वस्त पॉलिस्या त्यातलं काहीच देत नाहीत. इथं इमर्जन्सीत नुसतं पाऊल टाकलं तरी हजारांत बिल येतं. औषधं पूर्ण मुक्कामाची, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

निवांत_निवृत्त

एप्रिल अखेर म्हणजे आंब्याला परत. शहाणे आहेत साहेब.

शाहूपुरी_चौथीगल्ली

कांदालसूण मसाला नेता येतो ना? मागच्या वेळी कुणीतरी भीती घातली म्हणून आम्ही अर्धा डबा मुंबईत नातेवाइकांकडं ठेवून गेलो.

टोरांटोची_सून

मसाल्याला अडचण नाही, फॉर्मवर खाण्याचं सामान आहे असं सांगून टाकायचं. सुकं मटण मात्र नको, मांसाचे पदार्थ अडवतात. आणि मसाला दोन पिशव्यांत घालून वर डब्यात. आमच्या बॅगेतल्या सगळ्या साड्या टोरांटोपर्यंत तिखट झाल्या होत्या.

पेठेतली_मास्तरीण

मसाला नाही बाई, लेकीनं भाकरीचा तवा मागितलाय, तोही लोखंडी. त्याचं वजन किती भरेल हे बघतेय सध्या. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू कितपत टिकतात, ते कुणी नेले असतील तर सांगा.